चुलीपुढे निळा उजेड

मागच्या महिन्यात एका दुपारी माझ्या एका माजी विद्यार्थिनीची लेक घरी आली. तिची आई १९८६ साली माझ्या आठवी-ब मध्ये होती, त्यामुळे लेकही मला 'बाई'च म्हणते. कॉमिक्सच्या चित्रांना कॉम्प्युटरवर रंग देण्याचा सहा महिन्यांचा कोर्स ती शहरात राहून करून आली होती. फीसाठी आईने हातातली एक पाटली मोडली. हे मला नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी का चिडले ते कळेल.

लॅपटॉप उघडून तिने आपलं काम दाखवलं. एक पान होतं, रात्रीचं. खेड्यातलं घर, म्हातारी चुलीपुढे बसून भाकरी थापते आहे, दारात नातू उभा. रेखाटन क्लासकडून मिळालेलं, रंग हिचे. बघता बघता मला जाणवलं की म्हातारीच्या पाठीला, खांद्याला आणि अंबाड्याला एक झगझगीत निळी कड आहे. नातवालाही आहे. भाकरीच्या परातीलासुद्धा आहे!

"अगं, हा निळा उजेड कुठून आला?"

"बाई, रिम लाईट आहे तो."

"असेल. पण आला कुठून? मागे भिंत आहे, खिडकी नाही. उजेड आहे तो चुलीचा, आणि चूल पुढे आहे."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सर म्हणाले होते, प्रत्येक फिगरला रिम लाईट द्यायचाच. त्याने प्रोफेशनल दिसतं."

सहा महिन्यांत तिला कुठली कळ दाबली की काय होतं हे सगळं शिकवलं होतं. थर कसे रचायचे, मल्टिप्लाय म्हणजे काय, ग्लो कसा आणायचा, चामडं चामड्यासारखं आणि लोखंड लोखंडासारखं चमकवायचं कसं. मुलीचा हात चांगला आहे, डोळाही आहे. पण उजेड कुठून येतो हा प्रश्न सहा महिन्यांत तिला एकदाही कुणी विचारला नव्हता. म्हणजे पाटली कशासाठी मोडली, हा माझा प्रश्न आहे.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही मराठीच्या. बी.ए. मराठीत. तुमचा कॉमिक्सच्या रंगांशी संबंध काय? संबंध आहे. पहिला संबंध वेताळाचा. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली निघू लागली तेव्हा मी शाळकरी होते, आणि घरात ती उशीखाली लपवून वाचली जात. दुसरा संबंध २०२० चा. टाळेबंदीत नातवाचा जुना पेन टॅब्लेट घरात धूळ खात पडला होता, वेळ जाता जात नव्हता, नातू फोनवरून शिकवायला तयार होता. क्रिटा नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्याने घालून दिलं. पहिले पंधरा दिवस माझी रेघ आणि माझा हात यांची ओळखच पटेना, कारण पेन चालतो टेबलावर आणि रेघ उमटते समोर. पण पंचाहत्तरीच्या आसपास माणसाकडे एक गोष्ट भरपूर असते, ती म्हणजे चिकाटी. (घरचे तिला हट्ट म्हणतात.) गेली तीन वर्षं दर रविवारी चार-पाच मुलं माझ्याकडे येतात आणि आम्ही मिळून शिकतो. मी तज्ज्ञ नाही. पण शिकवणं म्हणजे काय आणि शिकवल्याचा देखावा म्हणजे काय, यातला फरक मला पस्तीस वर्षांच्या नोकरीने नक्की कळतो.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काळ्या शाईतलं रेखाटन चांगल्या रिझोल्यूशनला स्कॅन करतात. त्याच्याखाली एका थरावर प्रत्येक आकार सपाट रंगाने वेगळा करतात: साडी वेगळी, हात वेगळा, भिंत वेगळी. याला फ्लॅटिंग म्हणतात. इथे रंग बरोबर असायचीही गरज नसते, फक्त कडा स्वच्छ हव्यात, म्हणजे पुढच्या माणसाला एका टिचकीत तो आकार उचलता येतो. मग खरा रंगकार येतो. वेळ कुठली, उजेड कुठला, कोण पुढे, कोण मागे, वाचकाची नजर आधी कुठे जायला हवी, हे तो ठरवतो. फ्लॅटिंग चिकाटीचं आणि इमानदारीचं काम आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण ते महिन्या-दीड महिन्यात शिकता येतं. त्याच्यापुढचं जे आहे, ते शिकवतो म्हणून फी घ्यायची आणि शिकवायची मात्र चकाकी, याला माझा आक्षेप आहे.

जुन्या लोकांकडे रंग किती होते पाहा. अमेरिकन कॉमिक्स स्वस्त कागदावर छापली जात. निळसर, किरमिजी आणि पिवळी अशा तीन शाया, वर काळी. प्रत्येक शाई २५, ५० किंवा १०० टक्के, नाहीतर अजिबात नाही. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे चौसष्ट. बस्स, एवढ्यात सगळं जग बसवायचं! रंगकार पानाच्या प्रतीवर हाताने रंग देऊन शेजारी खुणा लिहायचा आणि मग त्याबरहुकूम वेगवेगळ्या शायांच्या फिल्म हाताने तयार व्हायच्या. ते किचकट काम करणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या, आणि त्यांची नावं कुठल्याही अंकात सापडत नाहीत. रंगकाराचंही नाव कित्येक दशकं छापत नसत.

चौसष्ट रंगांत माणसाला विचार करावाच लागतो. चुलीच्या उजेडासाठी वेगळी कळ नव्हती. म्हातारीचं तोंड पिवळं आणि बाकी सगळं घर जांभळं करून टाकायचं. आणि वाचकाला ऊब लागायची! छपाईच्या अडचणींनी तर पात्रांचे रंगच ठरवले. हल्क पहिल्या अंकात, १९६२ साली, राखाडी होता. राखाडी छापताना एकसारखा येईना, पानागणिक बदलू लागला, म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला. आमचा वेताळ त्याच्या लेखकाच्या, ली फॉकच्या मनात राखाडी होता. अमेरिकेत तो जांभळा झाला, इटलीत लाल, स्वीडन-नॉर्वेकडे निळा. जंगलात लपून राहणारा माणूस जांभळ्या कपड्यात कसा लपतो, हा प्रश्न मला वयाच्या चौदाव्या वर्षी पडला नाही. आता पडतो.

मग कॉम्प्युटर आला. १९८८ पासून जपानची 'अकिरा' अमेरिकेत इंग्रजीतून निघू लागली. मूळ कृष्णधवल. तिला स्टीव्ह ऑलिफ आणि त्याच्या मंडळींनी कॉम्प्युटरवर रंग दिले, आणि तिथून वारं फिरलं. पुढे आयझनर पुरस्कारांत रंगकारांसाठी वेगळं पारितोषिक निघालं तेव्हा पहिलं, १९९२ चं, याच ऑलिफला मिळालं. पण हा माणूस त्याआधी वर्षानुवर्षं हाताने रंगवत होता, हे कुणी सांगत नाही. त्याला यंत्र मिळालं तेव्हा उजेड कुठून येतो हे त्याला माहीत होतं. आपण मुलांच्या हातात यंत्र आधी देतो आणि उजेड राहूनच जातो.

यावर आमचे भाचेबुवा (पुण्यात ग्राफिक्सच्या धंद्यात आहेत, हे वाचणारच आहेत) फोनवर म्हणाले, "आत्या, तुझं सगळं बरोबर आहे, पण बाजाराला हेच लागतं. गिऱ्हाईक म्हणतं, चमकलं पाहिजे. मुलांना नोकरी हवी, तत्त्वज्ञान नको. एका दिवसात तीन पानं काढणारा माणूस हवा असतो, चुलीपुढे बसून विचार करणारा नाही."

भाचेबुवा, मुद्दा मान्य आहे, अर्धा. वेग लागतो, हे खरं. पण मला सांग, वेग कशाने येतो? जी मुलगी पान हातात घेतल्याबरोबर ठरवते की ही रात्र आहे, उजेड एकच आहे, तो पुढून आणि खालून येतोय, तिला पुढचे सगळे निर्णय आपोआप मिळतात. जिला काहीच ठरवता येत नाही ती प्रत्येक आकाराला वेगळी चकाकी देत बसते. या मुलीने त्या एका पानाला चार दिवस घालवले होते. परातीच्या निळ्या कडेलाच एक संध्याकाळ गेली म्हणे! वेग हवा असेल तर आधी बघायला शिकवा.

आणि बाजाराचंच बोलायचं तर बाजार आता कुठे चाललाय तेही बघ. क्लिप स्टुडिओसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप रंग भरण्याची सोय कधीच येऊन बसली आहे. त्यापुढची एआयची यंत्रं तर अख्खं चित्रच काढून देतात. चकाकी, ग्लो, निळी कड हे सगळं यंत्र फुकटात आणि क्षणात देतं, कारण ते हजारो चित्रांत तेच बघून आलेलं असतं. म्हणजे तुमच्या क्लासने सहा महिने फी घेऊन मुलांना नेमकं तेच शिकवलं, जे यंत्राने सगळ्यात आधी हिसकावून घेतलं. मी यंत्राच्या विरुद्ध नाही. माझा राग आहे तो माणसाला यंत्रासारखं शिकवण्यावर.

रंग हा निर्णय असतो, हे मुलांना पटवायला माझ्याकडे एक हुकमी उदाहरण आहे. बॅटमनची 'द किलिंग जोक', १९८८ ची. ब्रायन बोलंडची चित्रं, जॉन हिगिन्सचे रंग. जत्रेच्या प्रसंगांत हिगिन्सने जांभळे, पिवळे, भडक रंग अक्षरशः ओतले आहेत. डोक्यात कळ यावी असे. वीस वर्षांनी, २००८ साली, नवी आवृत्ती निघाली. तिचे रंग खुद्द बोलंडने कॉम्प्युटरवर नव्याने दिले, कारण त्याच्या मनात पहिल्यापासून वेगळंच होतं. भडकपणा गेला, सगळं थंड, करडं झालं. जुन्या आठवणींचे प्रसंग जवळजवळ कृष्णधवल, आणि त्यात कुठे कुठे एखादीच वस्तू लाल. रेघा जवळजवळ त्याच, शब्द तेच, आणि गोष्ट मात्र दोन! एकीत वेड अंगावर येतं, दुसरीत ते आत आत शिरतं.

(ही गोष्ट मुलांनी वाचण्यासारखी नाही. मलाही ती सोसली नाही, दोन दिवस पुस्तक उलटं ठेवलं होतं. मुलांना मी निवडक चौकटीच दाखवते.)

कोणती बरोबर, म्हणून मुलं भांडतात. मला स्वतःला आठवणींच्या प्रसंगांत बोलंड आवडतो आणि जत्रेत हिगिन्स. भांडण लागलं की मी चहा टाकायला जाते. अर्ध्या तासात मुलं जे शिकतात ते मला चार तासांत सांगता आलं नसतं.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण दुसऱ्याला नावं ठेवून स्वतः नामानिराळं राहणं बरं नव्हे.

पस्तीस वर्षं मी शाळेत होते. आमच्या वर्गाला आठवड्यातून दोन तास चित्रकलेचे असत. दिवाळीनंतर पोर्शन मागे पडला की त्यातला एक तास मी मागून घेत असे. चित्रकलेचे सर स्वभावाने गरीब, ते "घ्या बाई" म्हणत. त्या तासाला मी संधी आणि समास शिकवले. किती वर्षं? बहुतेक सगळीच. मुलांनी वह्या दप्तरात घालताना केलेले चेहरे मला आठवतात, आणि तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं हेही आठवतं. खालच्या वर्गावर बदली तास असला तर चित्राची पुस्तकं वाटून मी एकच सूचना करायची: "रेघेबाहेर जायचं नाही." रंग म्हणजे रेघेच्या आत राहणं, यापलीकडे मी कुणाला काही सांगितलं नाही. आठवी-ब मधली ती मुलगीही त्यातच होती, जिने आता लेकीसाठी पाटली मोडली.

तेव्हा क्लासवाल्यांनी जे केलं त्याची सुरुवात आमच्यासारख्यांनीच करून ठेवलेली होती. उजेडाकडे बघायला आम्ही शाळेत शिकवलं असतं तर क्लासात कुणी तरी हात वर करून विचारलं असतं की सर, निळा उजेड कुठून?

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना पहिले चार रविवार कॉम्प्युटर मिळत नाही. कुरकुर होते. एक मुलगा दुसऱ्याच रविवारी निघून गेला, त्याच्या वडिलांनी मला सांगितलं की बाई, त्याला शिकायचंय, तुम्ही त्याला अंगणात बसवता. खरंच बसवते. दुपारी अंगणात पांढरा धुतलेला पंचा वाळत घालते आणि विचारते, याच्या चुण्यांतली सावली कोणत्या रंगाची? सगळे म्हणतात, काळी. मग करडी. मग कुणी तरी घाबरत घाबरत म्हणतं, बाई, निळसर आहे का? आहेच. सावलीत ऊन पोचत नाही, पण आभाळ पोचतं. हे एकदा दिसलं की पुढे आयुष्यभर दिसत राहतं. संध्याकाळी त्याच पंच्याशी तेच. मग पिवळ्या बल्बखाली, मग ट्यूबलाईटखाली. पंचा तोच, पांढराच, पण चार वेळा चार रंगांचा.

मग फक्त करड्या छटा. चौकट डोळे बारीक करून बघायची. माणूस भिंतीपासून सुटा दिसला नाही तर हजार रंग ओतले तरी सुटणार नाही. त्यानंतर तीन रंग, तीनच. मग कॉम्प्युटर. तोवर त्यांना कळ कशासाठी दाबायची ते ठाऊक असतं, आणि कळा ती आठवड्याभरात शिकतात. माझ्यापेक्षा लवकर!

फसगतीही सांगते. गेल्या वर्षी मुलांच्या पानांची एक छोटी पुस्तिका छापायची टूम निघाली. स्क्रीनवर आमची रात्र काय सुरेख दिसत होती! इथल्या ऑफसेटवाल्याकडे फाईल दिली. प्रूफ आलं तर निळं आकाश जांभळट, अंधार म्हणजे चिखल, आणि अक्षरांना लाल-निळ्या झालरी. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने शांतपणे समजावलं: बाई, स्क्रीन उजेडाने रंग करते, आम्ही शाईने, तुमचा तो निळा आमच्या शाईत नाहीच. चारही शायांचा अंधार केलात, कागद इतकी शाई पिणार नाही. आणि काळी रेघ नुसत्या काळ्या शाईतच ठेवायची, चार शायांत केली की प्लेट केसभर हलली तरी भुतं दिसतात. अर्ध्या तासात त्याने मला जे शिकवलं, त्याची फी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन परत त्याच्याकडे गेले आणि छापखान्यात उभं करून सगळं पुन्हा सांगायला लावलं. त्या शहरातल्या क्लासने सहा महिन्यांत मुलांना एकदाही छापखाना दाखवलेला नाही, हे मी मुलीला मुद्दाम विचारून घेतलं आहे.

आता मुलीकडे येते. त्या दुपारी आम्ही तिच्या पानावर बसलो. मी टॅब्लेटला हात लावला नाही. स्वयंपाकघरातले दिवे घालवले, दारं-खिडक्या लावल्या, खाली पाटावर तिला बसवलं आणि पुढ्यात एक मेणबत्ती ठेवली. लहान आरसा हातात दिला. "बघ," म्हटलं, "तुझ्या खांद्याला काय दिसतंय?" ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "काहीच नाही दिसत बाई. खांदा दिसतच नाही." मग जरा वेळाने, "हनुवटीखाली उजेड आहे. आणि डोळ्यांच्या वर सावली उलटी पडलीय."

मी खूश झाले आणि तिथेच चुकले. बोलण्याच्या भरात म्हणून गेले की सहा महिने फुकट गेले तुझे. तिचा चेहरा उतरला. फुकट गेलेले महिने तिचे होते आणि मोडलेली पाटली आईची, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ती लॅपटॉप मिटून निघाली. जाताना पाया पडली, पण बोलली नाही.

परवा तिच्या आईचा फोन आला. क्लासने आता पुढचा, ॲडव्हान्स कोर्स काढलाय. तो केला की काम मिळवून देऊ असं तोंडी सांगितलंय, कागदावर काही नाही. जुन्या विद्यार्थ्यांना फीत सवलत. "बाई, दुसरी पाटली आहे माझ्याकडे. तुम्ही सांगाल तसं करते."

मी म्हटलं, मोडू नकोस. आधी तिला क्लासला तीन प्रश्न विचारू दे: छापील काम कोण तपासतं, याआधीच्या मुलांची नावं कुठल्या पुस्तकात रंगकार म्हणून छापून आली आहेत, आणि उजेड शिकवणार का. आई म्हणाली, "विचारते तिला. पण ती आता तुमचं नाव काढलं की गप्प होते."

दोन रविवार ती आलेली नाही. फी भरायची मुदत शनिवारपर्यंत आहे, आणि आज गुरुवार.